वादळात पडलेले निंब, बाभूळ, आंबा : चिरून घ्यावेत की व्यापाऱ्याला द्यावेत?

धुऱ्यावरचा | २४ मे, रात्री १०:४०

राम राम मंडळी. गाव दारव्ह्यापासून पंधरा-सोळा किलोमीटर, जिल्हा यवतमाळ. मागच्या सोमवारी संध्याकाळी अवकाळी वादळ आलं, त्यात आमच्या वावरातली चार झाडं गेली. धुऱ्यावरचे दोन कडुनिंब मुळासकट उपटले, एक बाभूळ कमरेतून मोडली आणि विहिरीजवळचा गावरान आंबा आडवा झाला. कोठ्याची टिनं उडाली ती वेगळीच. माणसा-ढोरांना काही झालं नाही, तेवढं देवानं राखलं.

आता प्रश्न लाकडाचा. फांद्या तोडून झाल्या, जळतनाचा ढीग दोन वर्षं पुरेल एवढा लागलाय. खोडांचे ओंडके करून ठेवलेत. टेपनं मापं घेतली ती अशी: रस्त्याकडचा मोठा निंब गोलाई ७६ इंच, लांबी ९ फूट. त्याचाच वरचा तुकडा ५२ इंच, ७ फूट. दुसरा निंब ६० इंच, ८ फूट. बाभूळ ४४ इंच, १० फूट. आंबा ८८ इंच आहे पण लांबी सहाच फूट, आणि बुडाशी पोकळ. हात घातला तर कोपरापर्यंत जातो.

लाकूडवाला व्यापारी परवा येऊन गेला. ओंडक्यांभोवती एक चक्कर मारली, आंब्याला लाथ मारून पाहिली आणि म्हणाला, "बाराचे घ्या, उद्या ट्रॉली लावतो." बारा म्हणजे बारा हजार, सगळ्याचे मिळून. आरा गिरणी आमच्यापासून अठरा किलोमीटर. चिराई घनफुटाला ९० रुपये सांगितली, नेणं-आणणं आपलं.

घरात तीन मतं. आई म्हणते विकून टाक, खताचे पैसे होतात. बाबा म्हणतात आजोबानं लावलेला निंब आहे, त्याची चौकट घराला लागली पाहिजे. दिवाळीनंतर दोन खोल्या बांधायच्या आहेत, तीन चौकटी लागतील. आणि पुण्याचा धाकटा भाऊ रोज व्हिडिओ पाठवतो. अमेरिकेत कोणीतरी वादळात पडलेल्या पाइनच्या ओंडक्यांच्या अंगणातच फळ्या पाडून राहिला. धाकट्याला आंब्याचं सालीसकट टेबल पाहिजे.

माझं डोकं चालेनासं झालंय. कोणी केलंय का हे? मृग तोंडावर आहे, पेरणीच्या आधी काय तो निकाल लावायचाय.

वखरपास | २४ मे, रात्री ११:०५

बारा हजारात तो एकटा मोठा निंब नेला तरी खुश होईल. देऊ नका भाऊ.

कोरडवाहू | २४ मे, रात्री ११:३०

मी उलटं सांगतो. द्या आणि मोकळे व्हा. आमच्या इथं २-३ वर्षांआधी असंच झालं होतं. चिरून आणू, चिरून आणू म्हणत ओंडके धुऱ्यावरच राहिले. एकदा पाऊस लागला की काळ्या वावरात ट्रॅक्टर जातो कुठं? रुतला की दुसरा ट्रॅक्टर ओढायला, मग तोही रुतला. दिवाळीत पाहिलं तर खालून उदई म्हणजे वाळवी, वरून छत्र्या उगवलेल्या. शेवटी चुलीत गेलं सगळं. लाकूड विकायचं नसेल तर निदान आठ दिवसांत वावराबाहेर काढा. बाकीचा विचार डांबरी रस्त्याच्या कडेला बसून करा.

आरागिरणीचा_पोऱ्या | २५ मे, सकाळी ७:१५

वडील आयुष्यभर गिरणीत पट्टा आऱ्यावर होते, मी लहानपणी भुशात खेळलोय, म्हणून दोन शब्द.

आधी तुमच्याकडे लाकूड किती ते समजून घ्या. बाजारात गोल लाकूड चौथाई गोलाईनं मोजतात. गोलाईचे इंच भागिले चार, त्याचा वर्ग, गुणिले लांबीचे फूट, भागिले १४४. तुमचा ६० इंची निंब घ्या. साठचा चौथा हिस्सा पंधरा, पंधराचा वर्ग २२५, गुणिले ८, भागिले १४४. साडेबारा घनफूट. मोठा निंब याच हिशेबानं साडेबावीस, वरचा तुकडा आठच्या थोडा वर, बाभूळ साधारण तेवढीच. आंबा कागदावर वीस भरतो पण पोकळी वजा करा.

आता गंमत. खोडात खरं लाकूड याहून जास्त असतं. साडेबारा घनफुटाच्या त्या ओंडक्यात गणितानं जवळपास सोळा घनफूट आहे. चौथाई गोलाईत सुमारे एकवीस टक्के आधीच सोडून दिलेले असतात, कडेचे ढलपे आणि आऱ्याची खाप, म्हणजे कापात भुसा होणारं लाकूड, जाईल म्हणून. आणि तरीही चिरल्यावर हातात चांगला माल निम्मा-साठ टक्केच येतो. म्हणून चिराई भरताना ९० रुपये कशाचे, गोल लाकडाच्या मापाचे की निघालेल्या मालाचे, हे आधीच विचारा. भांडणं तिथंच होतात.

दुसरं, रस्त्याकडचं झाड म्हणालात. त्यात खिळे असणारच. जाहिरातीचे पत्रे, निवडणुकीचे बोर्ड, कुंपणाची तार. पट्टा खिळ्यावर आदळला तर दात उडतात, कधी पट्टाच तुटतो आणि त्याचे पैसे तुमच्याकडून घेतात. आमच्याकडे असं खोड आलं की वडील आधी सालीवरून हात फिरवत. जिथं साल गाठीसारखी फुगलेली, तिथं आत काहीतरी गिळलेलं आहे समजायचं.

धुऱ्यावरचा | २५ मे, सकाळी ८:५०

पोऱ्याभाऊ, हे गणित मला कोणी शाळेत असं शिकवलं असतं तर बरं झालं असतं. मोठ्या निंबावर निदान तीन फुगवटे आहेत. एका ठिकाणी तर माझ्या लहानपणी सायकलची साखळी बांधलेली होती, ती कुठं गेली कोणालाच माहीत नाही.

कागदाचा_माणूस | २५ मे, सकाळी ९:३०

लाकडाला हात लावायच्या आधी कागद. महाराष्ट्रात १९६४ चा झाडतोडीचा कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत साग, मोह, चिंच, आंबा, जांभूळ, ऐन, हळदू, बीजा, खैर, चंदन वगैरे झाडं येतात. कडुनिंब आणि बाभूळ त्या यादीत नाहीत, तुमचा आंबा मात्र आहे. तुम्ही म्हणाल, मी कुठं तोडला, वादळानं पाडला. बरोबर, पण ओंडका ट्रॉलीत चढल्यावर तो वादळानं पाडला की कुऱ्हाडीनं हे त्याच्याकडे बघून कोणालाच सांगता येत नाही. म्हणून तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या, सातबारा सोबत ठेवा, मुळासकट उपटलेल्या बुंध्याचे फोटो खड्ड्यासकट काढून ठेवा.

तोडणं वेगळं आणि वाहतूक वेगळी. आपल्या भागाच्या (बीटच्या) वनरक्षकाला भेटून कोणत्या लाकडाला पास लागतो ते विचारा, लागणाऱ्यांसाठी आता ऑनलाइन अर्जाची सोय आहे. गिरणीवालाही कागद मागेल, आणि मागितला तर त्याचा राग करू नका. सर्वोच्च न्यायालयानं जंगलतोडीच्या गोदावर्मन खटल्यात १९९६ मध्ये दिलेल्या आदेशापासून आरा गिरण्यांच्या परवान्यांवर कडक नजर आहे. जो काहीच विचारत नाही त्याच्याकडे उलट जाऊ नका.

साग असता तर विषयच वेगळा होता. वनखात्याच्या हातोड्याचा शिक्का बसल्याशिवाय हललाही नसता.

बल्लारशाचा | २५ मे, सकाळी १०:१०

सागाचा विषय निघाला म्हणून. २०२३ मध्ये आमच्या बल्लारपूरच्या डेपोतून अयोध्येच्या मंदिरासाठी सागवान गेलं, तेव्हा गावात मिरवणूक होती मिरवणूक. लाकडाची मिरवणूक! आलापल्लीच्या सागाला जगात तोड नाही. निंबाचं काय घेऊन बसलात.

वखरपास | २५ मे, सकाळी १०:२२

बल्लारशाचे भाऊ, त्यांच्या धुऱ्यावर निंब पडला आहे, साग नाही. 🙂

मोर्शीकर_परदेशी | २५ मे, दुपारी १२:००

मूळचा मोर्शीचा, सध्या अमेरिकेत जॉर्जिया राज्यात. धाकट्या भावाचे व्हिडिओ बहुतेक आमच्याच बाजूचे असतील. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन चक्रीवादळ आलं तेव्हा इथं पाइनची जंगलंच्या जंगलं झोपली. माझ्या शेजाऱ्यानं अंगणातले चार ओंडके चिरून घेतले, मी मदतीला होतो, म्हणून जे पाहिलं ते सांगतो.

पाइन मऊ. चेनसॉला चौकट लावून दोन माणसं दिवसभरात फळ्या पाडू शकतात. तुमच्या सुक्या बाभळीवर तेच करायला गेलात तर साखळीला दर थोड्या वेळानं धार लावत बसाल. शिवाय चेनसॉची खाप जाड, जवळजवळ पाऊण-एक सेंटीमीटर. पट्टा आऱ्याची दोन-तीन मिलिमीटर. प्रत्येक कापाला एवढं लाकूड भुसा होऊन जातं.

घाई मात्र पाइनला तुमच्यापेक्षा जास्त. गरम हवेत काही आठवड्यांत साल सुटू लागते, भुंगेरे शिरतात आणि लाकडावर निळा डाग चढतो. ती बुरशी असते. लाकूड त्यानं फारसं कमजोर होत नाही, पण दिसायला वाईट, भाव पडतो. म्हणून ते लोक वादळ ओसरलं की लगेच चिरायला बसतात. भावाला सांगा, त्या घाईमागे हे कारण आहे.

आणि एक गोष्ट तिकडची तुम्हालाही लागू आहे. घराच्या अंगणातले, रस्त्याकडचे ओंडके इथल्या मोठ्या गिरण्या घेतच नाहीत, खिळ्यांच्या भीतीनं. तसंच वादळात पिळवटून मोडलेल्या खोडात आडव्या भेगा लपलेल्या असतात, फळी पाडल्यावर ती मधूनच तुटते. उपटलेलं झाड चांगलं. मोडलेल्यावर विश्वास ठेवू नका. तुमची बाभूळ मोडलेली आहे, मोडीपासून दोन-तीन फूट सोडून मोजा.

मिस्त्रीची_लेक | २५ मे, दुपारी २:४५

वर्धा जिल्हा. वडील सुतार, भाऊ सुतार, दुकानाचा हिशेब माझ्याकडे. तुम्ही सगळे लाकूड किती आहे ते मोजताय. लागतं किती ते कोणी मोजलंच नाही.

तीन चौकटी. अडीच बाय चार इंचाचं लाकूड, उंची सात फूट, रुंदी साडेतीन फूट धरा. दोन उभे खांब चौदा फूट, वरची पट्टी आणि खालचा उंबरठा मिळून सात. एका चौकटीला एकवीस फूट. चार गुणिले अडीच, भागिले १४४, गुणिले २१. दीड घनफुटालाही थोडं कमीच. तीन चौकटींचं साडेचार घनफूट लाकूड. दादा, तुम्हाला लागतं साडेचार आणि चिरायला निघालात साठ-सत्तर!

तो ६० इंची, आठ फुटी निंब एकटा पुरतो. त्याच्या साडेबारा घनफुटातून सहा-सात घनफूट माल निघेल. खांबाला सात फूट हवेत, लाकूड आठ फूट आहे, म्हणजे दोन्ही टोकांच्या भेगा कापून टाकायला जागा राहते. ५२ इंची तुकडा सात फुटाचा आहे, त्यातून एकही खांब निघणार नाही, टोकं फाटली की संपलं. मोठ्या निंबात साखळी आहे असं तुम्हीच म्हणता.

चिराईचे ९० प्रमाणे ११२५ रुपये आणि ट्रॉलीचं भाडं. एवढ्यात बाबांचा शब्द राहतो.

धुऱ्यावरचा | २५ मे, दुपारी ३:२०

ताई, हा हिशेब मोठ्यानं वाचून दाखवला घरात. आई लगेच म्हणाली, "पोरीले अक्कल हाय." बाबा काही बोलले नाहीत, उठून ६० इंची ओंडक्यावर जाऊन बसले.

पण बाबांना मोठा निंबच हवा होता, आजोबांनी लावलेला तो. दुसरा आपोआप उगवलेला.

सांदवाडीतली | २५ मे, दुपारी ४:००

एक विचारू का? मोठ्या निंबाखाली माता मायचं ठाणं वगैरे नव्हतं ना? आमच्याकडे ठाण्याच्या निंबाचं लाकूड घराला लावत नाहीत, चुलीतही घालत नाहीत. पडला तर तिथंच मातीत जाऊ देतात. पटो न पटो, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून घ्या, मागून कोणाच्या मनात राहायला नको.

धुऱ्यावरचा | २५ मे, दुपारी ४:१०

नाही, ठाणं गावाच्या दुसऱ्या अंगाला आहे. तरी आईला विचारलं. म्हणे, "मायचा निंब उभाच हाय, तिले वादळ काय करते."

कोरडवाहू | २५ मे, संध्याकाळी ६:३०

चौकटीला ओलं लाकूड चालते का पण? आमचे आजे म्हणत ओंडका सालीसकट दोन वर्षं पडू द्यावा, आपोआप सुकतो, मग चिरावा.

मिस्त्रीची_लेक | २५ मे, रात्री ८:१५

सालीत लाकूड सुकत नाही, नुसतं फुटतं. साल पाणी धरून ठेवते, टोकं मात्र उघडी, त्यामुळे टोकाकडून भेगा आत शिरतात. आणि साल म्हणजे किड्यांचं घर. निंब कडू आहे, उदई धरत नाही हे सगळे म्हणतात, पण ते गाभ्याचं खरं. बाहेरचा पांढरा भाग कोणत्याही झाडाचा किडे आवडीनं खातात. माझा भाऊ निंबाचा पांढरा भाग चौकटीत घेतच नाही.

म्हणून निंब ओलाच चिरायचा. मापात दोन-दोन सूत जास्त ठेवायचे, म्हणजे अडीच बाय चार हवं तर पावणेतीन बाय सव्वाचार काढायचं. सुकताना लाकूड आवळतं, त्यातही वर्तुळांच्या दिशेनं जवळजवळ दुप्पट आवळतं, म्हणूनच वाकतं. खोडाच्या बरोब्बर मधली नस ज्या नगात येईल तो नग चौकटीला घेऊ नका. तो फुटणारच, कितीही जपला तरी.

आणि आपल्याकडचं ऊन. लोक म्हणतात विदर्भात काय, चव्वेचाळीस-पंचेचाळीसच्या उन्हात महिन्यात सुकेल. तिथंच घात होतो. वरून कडक, आत ओलं, आणि मग तडकतं. चिरलं की त्याच दिवशी टोकांना जाड ऑइल पेंट नाहीतर डांबर फासा. सावलीत, वारा लागेल असं, जमिनीपासून दीड फूट उंच थप्पी. प्रत्येक थरामध्ये एक इंची पट्ट्या, दोन-दोन फुटांवर, आणि वरच्या थरातल्या पट्ट्या खालच्यांच्या बरोबर वर. वर दगड ठेवायचे. पट्ट्या म्हणून तुराट्या किंवा पऱ्हाट्या अजिबात वापरू नका. एक जाड एक बारीक असते, सगळी थप्पी लाटेसारखी होते.

पावणेतीन इंच जाडीला वर्षभर धरतात. दिवाळीनंतर काम सुरू केलं तर चौकट बसवायला मार्च उजाडेल. निदान तोवर थांबा, दिवाळीलाच घाई करू नका.

बंडीवान | २५ मे, रात्री ९:४०

बाभयीवर कोणी बोलूनच नाई राहिलं. बाभूय निंबासारखी नाई चालत. आमच्या इथं बंडीच्या चाकाचा तुंबा, आरे, पुठ्ठे सारं बाभयीचंच राहे. बाबा ओंडका पाडला का नाल्याच्या डोहात टाकून देत. चार-सहा महिने पाण्यात. वर मोठा गोटा. काढला का काया ठिक्कर, पण मंग त्याले किडा लागत नाई.

मोर्शीकर_परदेशी | २६ मे, सकाळी ६:००

बंडीवान काका बरोबर सांगतात आणि त्यात पक्कं शास्त्र आहे. भुसा पाडणारे बारीक किडे लाकडातल्या पिठूळ सत्त्वावर, स्टार्चवर जगतात. पाण्यात ठेवल्यावर ते सत्त्व हळूहळू निघून जातं, किड्याला खायला उरत नाही. पाण्यात लाकूड फुटतही नाही. पूर्वी पाइनचे ओंडकेही गिरणीच्या तळ्यात ठेवत, एक कारण हेच.

वखरपास | २६ मे, सकाळी ७:३०

पण प्लास्टिक कागद लावलेल्या शेततळ्यात टाकू नका रे बाबांनो! कागद फाटला की लाकडापेक्षा शेततळं महाग पडते. आणि बाभळीचं पाणी काळं होते, मासे सोडले असतील तर तिकडेही टाकू नका.

नागपुरी_पेटी | २६ मे, सकाळी ११:००

मला एक सांगा, एवढा खटाटोप का? नागपूरच्या लाकूडबाजारात, लकडगंजात जा, तयार चौकट घ्या. किंवा पाइनच वापरा. बुटीबोरीच्या कारखान्यांत माल येतो तो पाइनच्या पेट्यांत आणि पॅलेटवर, त्या रिकाम्या झाल्या की विकतात. मी घरातली सगळी कपाटं त्याचीच केली. शिक्का बघायचा, 'एचटी' असेल तर उष्णता दिलेला, म्हणजे लाकडाच्या गाभ्यात ५६ अंश अर्धा तास. 'एमबी' असेल तर विषारी धुरी दिलेला, तो घरात नको.

मिस्त्रीची_लेक | २६ मे, सकाळी ११:२५

कपाटाला उत्तम. पण दाराच्या चौकटीला, तीही मातीला टेकणाऱ्या उंबरठ्याला, पेटीचं पाइन लावलंत तर दोन पावसाळ्यांत उदई गृहप्रवेश करेल.

आरागिरणीचा_पोऱ्या | २६ मे, दुपारी १:००

खिळ्यांसाठी, जुन्या स्पीकरचं लोहचुंबक घेऊन सालीवरून फिरवा. पण ते वरवरच्या खिळ्यालाच ओढतं, इंचभर आत गेलेला कळत नाही. धातुशोधक यंत्र कोणाकडे असेल तर उत्तम. बाभळीत तर लोखंड लपूच शकत नाही. तिच्यातल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे खिळ्याभोवती लाकूड शाईसारखं निळं-काळं होतं. टोकाच्या कापावर काळी रेघ दिसली तर त्या रेघेच्या सरळ रेषेत कुठंतरी लोखंड आहे.

धुऱ्यावरचा | ३१ मे, रात्री ९:१५

झालेलं सांगतो. पंचनामा झाला, तलाठीसाहेबांनी दोन चकरा मारायला लावल्या पण झाला. वनरक्षक स्वतः बघून गेले. काल सगळे ओंडके चेन-कप्पीनं चढवून रस्त्याला आणले, कोरडवाहू भाऊंची भीती डोक्यात होती.

आज फक्त ६० इंची निंब गिरणीत नेला. आरेवाल्या काकांनी पट्ट्यावर पाणी सोडलं, ओंडका गाडीवर कसला आणि पहिला ढलपा पडला. आत लालसर तपकिरी, ओला चकाकणारा. बाहेर दोन बोटं पांढरा पट्टा. भुसा उडून ओठाला लागला तर तोंड कडू जहर. बाबांनी मुद्दाम चिमूटभर जिभेवर ठेवला आणि हसले.

सालीकडून चौथ्या कापाला खट्ट. सगळ्यांचे चेहरे उतरले. काकांनी पट्टा थांबवला, छिन्नीनं उकरलं, तर खिळा नाही, दगड निघाला. गोफणीचा असावा, सुपारीएवढा. झाडानं गिळून वर तीन इंच लाकूड चढवलं होतं. पट्ट्याचे चार दात गेले, धारेचे दीडशे रुपये दिले. तो दगड आता माझ्या टेबलावर आहे.

ताईंनी सांगितलेल्या मापाचे आठ-आठ फुटी दहा नग निघाले. नऊ लागतात. मधली नस असलेला नग आणि ढलपे वेगळे आणले. टोकांना गेरूचा जुना ऑइल पेंट फासला. कोठ्याच्या उत्तरेकडे थप्पी लावली, पट्ट्या जुन्या सागाच्या रिपांच्या.

बाभूळ मोडीपासून तीन फूट सोडून कापली, सात फूट उरली. टोकाला निळी रेघ दिसली! उकरलं तर कुंपणाची तार. तेवढा भाग काढून बाकीची नाल्याच्या डोहात गोट्याखाली. बंडीवान काका, आता ती दसऱ्यालाच बाहेर.

कागदाचा_माणूस | ३१ मे, रात्री ९:४०

आणि आंबा?

धुऱ्यावरचा | ३१ मे, रात्री १०:०५

आंबा चिरला नाही. पोकळीच्या वर फक्त हातभर चांगलं लाकूड होतं, आणि पंधरा दिवसांतच सालीखालून पीठ पडायला लागलं होतं. धाकट्याला फोटो पाठवला. पोकळ तुकडा उभा करून त्यात माती भरून आईनं गवती चहा लावला आहे. बाकीचं जळतन.

वखरपास | १ जून, सकाळी ७:००

आणि तो व्यापारी?

धुऱ्यावरचा | १ जून, सकाळी ८:२०

आला होता. आता एकट्या मोठ्या निंबाचे नऊ हजार म्हणतो. आधी सगळ्याचे बारा कसे म्हणत होता विचारलं तर म्हणे, "तवा भाव नव्हता." आठ दिवसांत भाव चढला बहुतेक. बाबा देत नाहीत. साल सोलली, टोकांना पेंट मारला, विटांवर टेकवून घराच्या आडोशाला ठेवलाय. त्यातल्या साखळीचं काय करायचं ते पेरणी झाल्यावर पाहू. ५२ इंची तुकडा त्यालाच दिला, पंधराशे. खताच्या एका पोत्याला पुरला म्हणून आईही गप्प आहे.

मिस्त्रीची_लेक | १९ ऑक्टोबर, दुपारी ४:३०

धागा वर काढते. थप्पी कशी आहे दादा?

धुऱ्यावरचा | १९ ऑक्टोबर, रात्री ९:००

ताई, पावसाळ्यात ताडपत्री नुसती वर टाकली होती, बाजू मोकळ्या ठेवल्या. आज पहिल्यांदा थप्पी उकलली. नऊ नग सरळ. एक, अगदी खालचा, धनुष्यासारखा वाकला. पट्ट्या मोजल्या तेव्हा लक्षात आलं, त्याच्या खालची मधली पट्टी कोणीतरी काढून कोंबड्यांच्या खुराड्याला लावली होती. नातवंडांवर आळ घेतला, पण खिळा ठोकलेला पाहिला तर हात बाबांचा.

तरी दहावा होता म्हणून निभावलं. चौकटीला नऊच लागतात.

वखरपास | १९ ऑक्टोबर, रात्री ९:१०

फोटो टाका की.

धुऱ्यावरचा | १९ ऑक्टोबर, रात्री ९:२५

रंधा मारल्यावर, मार्चमध्ये. आत्ता नुसता गेरूचा रंग दिसतो.